मामांना आलेलं चक्र

माझ्या सासऱ्यांना शौर्यपदक मी दिलं. हा अधिकार खरं तर राष्ट्रपतींचा असतो, हे मला ठाऊक आहे. पण तिकडून इतकी वर्षं काही हालचाल दिसेना, आणि आमच्या कॉलनीचा पंधरा ऑगस्ट तर तोंडावर आलेला.

आधी माझ्याबद्दल सांगतो. मी पोटासाठी विमा कचेरीत कारकुनी करतो आणि जिभेसाठी माईक धरतो. कोल्हापुरात साखरपुडा असो, वास्तुशांत असो, दूध संस्थेची सभा असो, निवेदक म्हणून दोन शब्द बोलायला मला बोलावतात आणि मी तासभर बोलतो. विशेषणं ही आपली खासियत. भांडकुदळ माणसाला मी 'लढवय्यं नेतृत्व' म्हणतो, ढिम्म न हलणाऱ्याला 'संयमी'. एका गृहस्थांनी प्रत्येक निवडणूक हरून दाखवली होती, त्यांना मी 'सातत्याचा मानबिंदू' म्हटलं (ते रडले. आनंदानं, असं मी धरून चाललोय). याला कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. याला प्रास्ताविक म्हणतात.

तर माझे सासरे, म्हणजे मामा, कागलजवळच्या खेड्यात राहतात. तरुणपणी फौजेत होते, नाईक म्हणून निवृत्त झाले. पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस 'मेजर' असतो. शिपाई म्हणून गेला, शिपाई म्हणून आला, तरी एसटीतून पाय खाली टाकला की मेजर. सरकारला जी बढती द्यायला जन्म जातो ती आमची माणसं स्टँडवर देऊन टाकतात. मामांनी त्याला कधी हरकत घेतली नाही, कारण तशी घेतली असती तर गावातल्या सगळ्याच मेजरांची पंचाईत झाली असती.

मामा त्या पावसाळ्यात आमच्याकडं आले होते ते दातांसाठी. वरचे उरलेसुरले काढून कवळी बसवायची होती. त्याच आठवड्यात आमच्या ऋतुजाचं मूट कोर्ट आलं. ती लॉ कॉलेजला आहे. मूट कोर्ट म्हणजे पोरांनी पोरांशी लढायचं खोटं खोटं कोर्ट. विषय मिळाला होता: युद्धात पदक मिळालंय अशी थाप मारणं हा गुन्हा ठरवावा, की तेही भाषणस्वातंत्र्यच समजावं? आणि तिच्या वाट्याला आली होती थापेची बाजू.

जेवताना तिनं माझ्यावरच सराव सुरू केला.

"पप्पा, समजा एकजण म्हणाला, मला पदक मिळालंय. आणि मिळालेलं न्हाई. त्याला तुरुंगात टाकायचं का?"

"उलटा टांगायचा," मी म्हटलं.

"नुसता बोललाय हं. वर्दी घातली न्हाई, सवलत लाटली न्हाई. ते केलं तर फसवणूक, त्याचे कायदे वेगळे हायत. ह्यो नुसता तोंडानं बोललाय."

"तोंडानं तरी का बोलावं? तिकडं माणसं जीव देतात, आणि हे हितं खुर्चीत बसून छातीला पदकं लावून घेणार? बोलायचं स्वातंत्र्य म्हणजे काय थापा ठोकायचं स्वातंत्र्य?"

"पण थापेला तुरुंग ठेवला तर थाप कुठली हे ठरवणार कोण? सरकार? मग निम्मं कोल्हापूर आत जाईल."

"जाऊ दे."

"पहिल्यांदा निवेदक."

मला आमटी एकदम तिखट लागली. विषय बदलावा म्हणून मी मामांकडं वळलो. ते दुधात भाकरी कुस्करून खात होते.

"मामा, तुम्ही सांगा. तुम्ही फौजी माणूस. तुम्हाला मिळालं का न्हाई काय तिकडं?"

मामांनी मान वर केली. वरचे दात नसल्यामुळं त्यांचा निम्मा आवाज नाकातून आणि निम्मा भाकरीतून येत होता.

"मला? शव्वीश जानेवारीच्या परेडला चक्र आलं की."

असं मला ऐकू आलं. मी ताटावरून हात उचलला. "काय सांगता? मग?"

"मग काय. पडलो. नाकातनं रगात. पर बंदूक शोडली न्हाय पावणं. चौघांनी उचलून दवाखान्यात नेलं. मोठा शायेब शोता बघायला आल्ता. म्हनला, शाबाश."

"आणि हे आजवर बोलला न्हाईत?"

"त्यात काय शांगायचं. लाज वाटती."

माझे डोळे भरून आले. विस्कळीत माहिती क्रमानं लावणं हे निवेदकाचं कामच असतं. मी बसल्या जागी क्रम लावला: आधी रक्त, मग बंदूक न सोडणं, मग दवाखाना, मग साहेबाची शाबासकी आणि शेवटी परेडमध्ये चक्र. सगळं कसं जागच्या जागी बसलं. माझी बायको सुनंदा तेवढी आत भाकऱ्या थापत होती, ती बाहेर असती तर हा लेख इथंच संपला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आदगोंडा अण्णांना गाठलं. अण्णा आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. मूळचे शिरोळचे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि दुकानात चाचणीला लावलेल्या इंजिनावरून बोलायची सवय असल्यामुळं आवाज कायम वरच्या पट्टीत.

"चक्र? आपल्या कॉलनीत चक्र हाय? आणि आपण गेल्या वर्षी सत्कार कुणाचा केला रे?"

"माझा."

"बघ की. काय म्हणतील लोक. यंदा मेजरांचा. फ्लेक्सचं तू बघ."

फ्लेक्सवाल्यानं पहिलाच प्रश्न अवघड विचारला. "साहेब, कुठलं चक्र? अशोक, कीर्ती, शौर्य, वीर?"

मी घरी फोन लावला. मामा दाताच्या डॉक्टरांकडं गेले होते, तोंडात कवळी बसवणं चाललं होतं. म्हटलं, "नुसतं चक्र लिही." तो म्हणाला, नुसतं लिहिलं तर वर जागा पोकळ दिसते. म्हणून त्यानं झेंड्यावरचं निळं चक्र उचलून मामांच्या डोक्यामागं टाकलं. ते जरा जास्तच तेजस्वी झालं. हाच फ्लेक्स नृसिंहवाडीला लावला असता तर लोकांनी पुढं पेढे ठेवले असते. खाली मोठ्या अक्षरात 'चक्र विजेते मेजर शामराव', आणि त्याखाली कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेला मी. (गॉगलची कल्पना फ्लेक्सवाल्याची. फोटो माझा.)

दुपारी मामा नवी कवळी लावून रिक्षातून उतरले ते थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पावणं, कोपऱ्यावर माझा फोटू कशापायी लावलाय? मी जिता हाय की अजून."

"श्रद्धांजली न्हाई मामा, सत्कार हाय. तुमच्या चक्राबद्दल."

"कसलं चक्र?"

"परेडला आलेलं."

"ते चक्कर की ओ. चक्कर. शनवारचा उपास हुता, त्यात पाटंपासनं उभा. डोळ्याम्होरं अंधारी आली आन् पडलो नाकावर."

डॉक्टरांचं काम उत्तम होतं. एकेक अक्षर सुटं ऐकू आलं.

सुनंदा पदराला हात पुसत बाहेर आली. "बाबांची चक्कर व्हय? आई दर सणाला सांगायची ती गोष्ट. तुम्हाला चक्र कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. 'चक्र आलं' म्हणाले."

"ते 'चक्कर आलं'च म्हणतात, 'आली' न्हाई म्हणत. लग्नाला इतकी वर्सं झाली, एवढं कळलं न्हाई तुम्हाला?"

नाही कळलं. लग्नात मुलीकडच्यांचं व्याकरण कोण तपासतं?

मामा मात्र हसले नाहीत. पायरीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पावणं, मी फौजेत काय लई मोटं केलं न्हाय. स्टोअरला हुतो. बूट दिलं, ब्लँकेटं घेतली. पर खोटं काय केलं न्हाय. आमच्या गावात घरटी एक फौजी हाय. त्यातली दोन घरं अशी हायत, त्यांची पोरं माघारी आली न्हाईत. त्यांच्या आया अजून दारात बसत्यात. आता त्यांच्या दारावरनं मी कसा जाऊ, सांगा."

मला फार वाईट वाटलं. आदल्या दिवशी ज्याला उलटा टांगायला निघालो होतो तो मीच, आणि माझ्यापायी टांगले जाणार होते मामा.

"मी सोता जाऊन सांगून येतो," म्हणत मामा उठले आणि छत्री घेऊन घरोघर निघाले. मी मागं. पहिल्याच घरात त्यांनी हात जोडले. "ताई, मला काय चक्रबिक्र न्हाय."

"बघा," ताई नवऱ्याला म्हणाल्या, "किती साधेपणा. न्हाईतर तुम्ही. कॅरमचं बक्षीस दिवाणखान्यात लावलंय."

पुढच्या घरात मामांनी खुलासा वाढवला. "मला नुसतं चक्कर आल्तं ओ."

"व्हय की," तिथले काका गंभीरपणे म्हणाले, "गोळी लागल्यावर येतंयच."

मामा नाही म्हणाले की लोकांचा आदर वाढायचा, आणि जोरानं नाही म्हणाले की लोक पाया पडायचे. एक खरं बोलणारा माणूस आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नाही. माझ्या थापेवर मात्र अख्खी कॉलनी डोळे झाकून विसंबली होती. खरं कसं पसरवायचं याचा मला काहीच अनुभव नव्हता.

शेवटी मी फ्लेक्सवाल्याकडं पळालो. म्हटलं, 'चक्र' शब्दावर पांढरी पट्टी मार. त्यानं मारली. मागं डोक्याभोवतीचं निळं चक्र तसंच, आणि खाली: कोरी पट्टी, 'विजेते मेजर शामराव'. तासाभरात अण्णांचा फोन.

"अरे, सरकारनं झाकायला लावलं व्हय?"

"न्हाई अण्णा, ते..."

"मला कळलं. गुप्त मोहीम. फोनवर बोलू नकोस. आणि ऐक, प्रमुख पाहुणे म्हणून सुभेदार साहेब येणार हायत कागलचे. त्यांना बघून मेजरांना बरं वाटंल."

हे निवृत्त सुभेदार सगळ्या तालुक्याला माहीत आहेत. पोरांना भरतीसाठी पळवतात, आणि कुणी बोगस फौजी दिसला की त्याला भर सभेत पलटणीचं नाव विचारून स्टेजवरून खाली उतरवतात. आणि राहतात मामांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे पंधरा ऑगस्टला सकाळी कोल्हापुरात जे होणार ते दुपारच्या आत त्या दोन दारांत पोचणार.

मी लेकीपुढं जाऊन बसलो.

"ऋतू, ते तुझं कलम काय म्हणतंय? थाप मारायचं स्वातंत्र्य?"

"काल तुम्ही उलटं टांगणार होता."

"काल मला प्रकरणाची दुसरी बाजू माहीत नव्हती."

तिनं पेन उघडलं. तिला सरावाला खरा आरोपी मिळाला होता. "ठीक हाय. बोललं कोण? आजोबा की तुम्ही?"

"आजोबा खरं बोलले, मी खोटं ऐकलं."

"खोटं ऐकणं गुन्हा न्हाई. मग फ्लेक्सवर कोण बोललं?"

"फ्लेक्स म्हणजे बोलणं हाय का?"

"अभिव्यक्ती हाय. सही कुणाची?"

"सही न्हाई, फोटो हाय. गॉगल घातलाय, ओळखू येत न्हाई."

"पप्पा, खाली नाव हाय." तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. "फायदा काय घेतला का त्यातनं?"

"अजून न्हाई. शाल आणि श्रीफळ हाय. आणि फेटा."

"ते घ्यायच्या आत थांबवा. तोवर नुसती थाप. आजोबांच्या डोक्यावर फेटा चढला की माझी बाजू संपली."

मग मी कायद्याच्या कुठल्या बाजूला, असं विचारलं तर म्हणाली, दोन्ही बाजूंच्या मध्ये. तिथं उभं राहिलं की दोन्हीकडून लागतं.

अण्णांना खरं सांगायला मी दोनदा गेलो, दोनदा त्यांनी 'गुप्त' म्हणत ओठांवर बोट ठेवलं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं. मांडवात कॉलनी जमली. मामा पहिल्या खुर्चीवर, नव्या दातांवर ओठ घट्ट मिटून. शेजारी सुभेदार साहेब, पांढऱ्या मिशा, छातीवर खरी पदकं. ते येताना फ्लेक्सपाशी थांबले होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला, त्यानं मी जास्त घाबरलो.

अण्णांनी खुणेनं सांगितलं, कर सुरू. मी माईकपाशी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी विशेषणाशिवाय बोललो. "हे मामा," मी म्हटलं. "हे कागलकडचे आहेत. हे... बसलेले आहेत." लोकांना वाटलं मी गहिवरलोय. टाळ्या पडल्या. तिकडं अण्णा फेटेवाल्याला घेऊन मामांच्या मागं आले. फेट्याचा पहिला वेढा डोक्याला लागणार एवढ्यात मामा उठले आणि माझ्या हातातला माईक काढून घेतला.

"मी शामराव. नाईक हुतो, मेजर न्हाय," ते म्हणाले. "स्टोअरला हुतो. मला चक्र मिळालेलं न्हाय. मला परेडला चक्कर आल्तं. उपास हुता. पडलो. दवाखान्यात नेलं. एवडंच हाय. गोळी न्हाय, गुप्त काय न्हाय. ज्यांनी खरंच जीव दिला त्यांची आय अजून दारात बसतीया, तिच्या वाटणीचं मी डोक्याला बांधून घेनार न्हाय."

फेटेवाला फेटा हातात धरून तसाच उभा.

सुभेदार उठले. मामांच्या अगदी समोर गेले.

"पडताना रायफल?"

"सोडली न्हाय सायेब."

"भुईला लागली?"

"न्हाय. नाक लागलं."

सुभेदारांनी टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला. मामांचा हात आपोआप वर गेला. मग कुणी तरी टाळी वाजवली आणि सगळा मांडव वाजायला लागला. समोर सुनंदा रडत होती, आणि मीही रडलो. मामा त्या दोन दारांवरून मान वर करून जाणार होते, याचा आनंद मला आवरेना. तो आनंद मला साधारण अर्धा मिनिट मिळाला.

"ह्यो गडी खरं बोलला," सुभेदार माईकवर म्हणाले. "मग खोटं कुणी लिवलं?"

सगळ्या माना एकदम कोपऱ्यावरच्या गॉगलकडं वळल्या आणि तिथून माझ्याकडं.

"साहेब, मी बोलू?" ऋतुजा उभी राहिली. मला वाटलं, पोरीनं बापाची लाज राखली. "साहेब, थापेला तुरुंग नको. कारण थाप मारायची मोकळीक असली की खरं सांगायचीपण असते. पप्पा बोलले, आजोबांनी खोडलं, सगळ्यांना कळलं. कायद्याला मध्ये यायला लागलं न्हाई."

सुभेदारांनी मिशी चोळली. "पटलं. म्हंजे ह्याला शिक्षा न्हाय?"

"सरकारची न्हाई. लोकांनी ह्यांना काय म्हणायचं ते म्हणावं. तेपण भाषणस्वातंत्र्यच हाय."

"मंजूर," अण्णा ट्रॅक्टरच्या आवाजात म्हणाले.

ऋतुजा मूट कोर्ट जिंकली. उदाहरण म्हणून तिनं नाव न घेता 'एक निवेदक' वापरला, परीक्षक पोट धरून हसले म्हणे. मामा गावी गेले, तिथं ते अजून मेजरच आहेत. आणि कॉलनीनं ऋतुजानं दिलेलं स्वातंत्र्य त्याच संध्याकाळपासून वापरायला काढलं. मी रस्त्यानं निघालो की दुधवाल्यापासून अण्णांपर्यंत सगळे हाक मारतात, "काय चक्रम, कुठं निघाला?" महिनाभर सोसलं, मग लेकीला विचारलं, चारचौघांत चक्रम म्हणतात, बदनामीचा दावा लागतो का?

तिनं पुस्तकातून मानही वर केली नाही. म्हणाली, "न्हाई लागत पप्पा. बदनामीला आधी म्हटलेलं खोटं असायला लागतं."